खाकी कागदावरची मापं

लुईस्टाउनला, मोंटानात, माझं चामड्याचं दुकान.
रिव्हॉल्व्हर रिकामं करून खाकी कागदावर ठेवतो,
भोवती पेन्सिल फिरवतो,
पोराच्या पावलाभोवती चांभार फिरवतो तशी.

दोन इंची नळी, तीन इंची नळी:
आकृतीवर आकृती ठेवली
तर फरक अंगठ्याच्या पेराएवढा.
गिऱ्हाइकं त्या पेरावरून तासभर भांडतात.
नळी लपते हो, मी सांगतो,
ती पँटच्या आत गुमान राहते.
चुगली करते फिरकी,
पाच गोळ्यांची सडपातळ, सहाची गरोदर,
आणि मूठ, शर्टाला आतून कोपर मारणारी.

व्हर्ना ओस्टरगार्ड आली मार्चात.
अकरा वर्षांपूर्वी मीच शिवलेलं म्यान
काउंटरवर ठेवलं, पट्ट्यासकट.
"हल्ली दिसतं," म्हणाली, "कोटाखालूनसुद्धा.
याहून लहान काही आहे?"

जुना कागद शोधला. तिचं रिव्हॉल्व्हर त्यावर ठेवलं.
रेघेला रेघ.

मग पट्टा पाहिला:
सुरीनं पाडलेली तीन वेडीवाकडी भोकं,
एकापुढे एक, आत आत.

काचेखाली आणखी लहान दोन होती.
दाखवली नाहीत.
पंच घेतला, हातोडी घेतली,
तिची भोकं गोल केली,
आणि त्यांच्याही आत
एक जास्तीचं पाडलं.

तिनं ते बोटानं चाचपलं.
"हे कशाला?"

"चामडं सैल पडतं," मी म्हणालो.

"हो," ती म्हणाली,
"चामडंच."