तिसरं प्रूफ

टिपणीस साहेब म्हणायचे,
पहिल्या प्रुफात काना-मात्रा बघा, नाखवाबाई,
दुसऱ्यात आकडे,
आणि तिसरं काढा फक्त विशेषणांसाठी.
दिसलं की खुडायचं. भाजी निवडतो तसं.

जांभळी नाक्याच्या मागे, पिठाच्या गिरणीवर
आमचं सायंदैनिक. चार पानं, दीड रुपया.
गिरणी सुरू झाली की टाचण्यांचा डबा थरथरायचा
आणि अग्रलेखावर पांढरी भुकटी बसायची,
ती फुंकून मी ऱ्हस्व-दीर्घ शोधायचे.

चेंदणीच्या बंदरात डेब्रिजच्या गाड्या रिकाम्या व्हायला लागल्या
तेव्हा सोळा दिवस त्यांनी एकच चौकट छापली:
काल रात्री किती गाड्या.
बास. वर मथळा नाही, खाली टिप्पणी नाही.
मोजायचा माझा भाऊ, होडीत बसून,
सकाळी चिठ्ठी आणून द्यायचा, तिला निवट्यांचा वास.
सतराव्या दिवशी गाड्या थांबल्या.
अठराव्या दिवशी लोक म्हणाले, उभे राहा.

निशाणी कपबशी.
नौपाड्यातल्या बायकांनी ओवाळलं,
रिक्षावाल्यांनी भाडं घेतलं नाही.
दोनशे अकरा मतांनी आले.
निकालाची बातमी स्वतःच लिहिली, आतल्या पानावर, सहा ओळी,
स्वतःचं नाव एकदाच.
मी तिसरं प्रूफ काढलं. खुडायला काही नव्हतं.

आधी नगरसेवक, मग पक्ष, मग स्थायी समिती.
(या ओळीत बारा वर्षं आहेत. जागा कमी होती.)

भाषणं माझ्याकडे यायची तपासायला, ड्रायव्हरच्या हाती.
पहिल्यात नुसता रस्ता होता.
मग प्रशस्त रस्ता.
मग ऐतिहासिक, दूरदर्शी, प्रशस्त, आणि रस्ता पुढच्या पानावर.
मी खुडत राहिले,
माईकवरून ती सगळी पुन्हा उगवून यायची.
एकदा कडेला लिहून आलं,
बाई, हे छापायचं नाहीये. बोलायचंय.

मग खाडीलगतचा तो भूखंड.
भरावाचा ठराव, क्रमांक, तारीख, खाली सही.
बातमी आमच्याच पेपरात. संपादक नवा, तरुण पोरगा,
मजकूर माझ्यापुढे ठेवताना त्याच्या बोटांचा घाम कागदाला लागला.
त्यात 'टिपणिस', ऱ्हस्व.
मी दीर्घ केलं.
हे त्यांच्यासाठी केलं की त्यांच्याविरुद्ध,
मला अजून ठरवता आलेलं नाही.

रात्री साडेदहाला फोन.
वाटलं, थांबवा म्हणतील.
म्हणाले, गाड्यांचा आकडा टाकलाय का?
मी म्हटलं, मोजायला कुणी नव्हतं,
भाऊ आता कळव्याला वॉचमन आहे.
पलीकडे बराच वेळ नुसता पंखा.
मग, आकड्याशिवाय बातमी लंगडी पडते, बाई.
आणि ठेवला.

पुढच्या निवडणुकीत अनामत वाचली, एवढंच.

परवा वाचकांच्या टपालात एक पत्र:
तलावपाळीला पायऱ्या आठ, दिवा एकही नाही,
या महिन्यात तिघे घसरले. वयं दिलीत, कुणाचा खुबा, कुणाचं मनगट.
खाली, एक नागरिक, नौपाडा.
'र'चा पाय तोच, लांब ओढलेला.
विशेषण शोधलं. नाही.

निनावी पत्र छापायचं नाही,
हा नियम भिंतीवर आहे अजून, त्यांच्याच अक्षरात,
काचेवर पीठ.
पत्र मी खणात ठेवलं

आणि घरी जाताना मुद्दाम तिकडून गेले.
दिवा खरंच नव्हता.
कठड्याला धरून, पाय चाचपत उतरले, मोजत.
नऊ आहेत.
दुसऱ्या प्रुफात सापडलं असतं.