बेचाळीस नंबरचा बूट

सोमवारी वर्गात मोबाइल सात,
तिघांच्या काचा तडकलेल्या,
चार्जर एकच, अर्ध्या गावात फिरून आलेला.
मी फळ्यावर लिहिलं: काल काय घडलं?
अकरा जणांचं मिळून एकच उत्तर,
काही नाही, बाई.
चिलोएत काय घडणार?
भरती आली, गेली.
मेंढी होती तिथेच होती.

पंधरा वर्षं हेच ऐकते आहे.
यांना वाटतं साहसाला विमान लागतं,
निदान सांतियागो तरी.
म्हटलं, राहू दे साहस.
घरून शाळेत येईपर्यंत
कुणाचा पाय कुठे अडखळला, तेवढं सांगा.

रोसामेल उठला. त्याचं तोंड सुटलं
की होडीचं इंजिन परवडलं.
आचाओच्या धक्क्यावर उतरताना
पोतं उसवलं, एकोणीस सफरचंदं पाण्यात.
राखाडी समुद्रावर लाल लाल डोकी,
जणू अख्खा वर्ग शाळा बुडवून पोहायला निघालेला.
आई वल्ह्याने एकेक ओढत होती,
हसत होती, शिव्या देत होती, पुन्हा हसत होती.
दाखव, आम्ही म्हणालो.
काय दाखवू? दोन्ही हात पाण्यात होते माझे.

मग त्या दिवशीचा धडा तोच झाला.
चित्र नाही, तर आहे काय तुझ्याकडे?
इंजिन आहे, बंद पडताना खोकणारं.
पोतं आहे, उसवलेलं.
आई आहे. तिला सांग, पुन्हा हस.
(मंगळवारी ती हसली, पण खोटं.
गुरुवारी, मोबाइल चालू आहे हे विसरली, तेव्हा खरं.)

एर्सिरा मागच्या बाकावरची.
तिने चाळीस सेकंद आणले.
ओहोटीचा चिखल, त्यात रुतलेला रबरी बूट.
एक लहान पाय मोज्यासकट बाहेर निघतो,
बूट राहतो.
पाय पुन्हा आत. पुन्हा बाहेर. बूट राहतो.
माइकमध्ये नुसता वारा.
आणि शेवटी तिचा आवाज:
बूट बेचाळीस नंबरचा आहे. माझा पाय पस्तीस.

मी पडले शिक्षिका. मला राहवेना.
म्हटलं, खाली थोडं संगीत घालू,
बूट कोणत्या भावाचा, तो कधी गेला,
पुंता आरेनासला कुठल्या बोटीवर आहे,
दोन ओळी तरी.
ती मान हलवत राहिली.
अगं, पाहणाऱ्याला कळणार कसं?
ज्याला कळायचं त्याला कळेल, म्हणाली.
तेरा वर्षांची पोर.
मी माउसवरचा हात काढून घेतला.

रेंज फक्त दफनभूमीच्या चढावर.
शुक्रवारी सगळे तिथे, हात उंचावून,
कुणी वरून हजेरी घेत असल्यासारखे.
त्रेसष्ट टक्के.
त्रेसष्ट टक्के.
आबेलार्दोचा कुत्रा थडग्यांवरून उड्या मारतो
आणि लगेच चार मोबाइल त्याच्याकडे वळतात.
ही खोड मीच लावली.
परवा कुणाच्या घरी पाव करपला,
त्याचेही तीन भाग निघाले.

सफरचंदं दोनशे बारा वेळा पाहिली गेली.
बूट तेवीस वेळा.
त्यातले सोळा एकाच रात्रीत,
दोन ते चारच्या दरम्यान.
यंत्र माणसाचं नाव सांगत नाही,
फक्त गावाचं: पुंता आरेनास.
हे एर्सिराला सांगावं की नाही,
शनिवार-रविवार याच विचारात गेले.

सोमवारी ती आली तेव्हा
दोन्ही पायांत तेच बूट होते,
टाचेशी वर्तमानपत्राचे बोळे डोकावत होते,
आणि पावलागणिक फटक फटक आवाज.
मी काही बोलले नाही. खडू घेतला.
काल काय घडलं?
रोसामेलचा हात आधीच वर:
बाई, सफरचंदं सतराच होती.
आई म्हणते, आता सगळ्या बेटाला खोटं सांगितलंस,
दुरुस्त करून ये.