दोनचं बी.पी.

खुलासा लिहायला वकिलांकडं बसलो.
"गेलो नाही, गेले," ते म्हणाले,
"कौन्सिल मुंबईत आहे, घस्तेबाई."
आमच्यात बायका गेलोच म्हणतात.
आई म्हणायची, तिची आईपण.
चौदा ठिकाणी माझा 'लो' खोडून
त्यांनी 'ले' केला,
आणि कागदावर जी बाई उभी राहिली
तिला मी ओळखत नव्हतो.
बरी होती तशी. शुद्ध बोलत होती.

त्या रात्री अठ्ठावीस खाटा, आम्ही दोघी.
त्यातली एक शिकाऊ, शीर सापडायची नाही अजून तिला.
सात नंबरला उलट्या,
एकोणीस नंबर सलाईन उपसून घरी निघालेला,
आणि बारा नंबर गप्प.
गप्प माणसाकडं आपण शेवटी जातो.
एकचं बी.पी. घेतलं, एकशे दहा, सत्तर.
दोनचं
घेतलं नाही.
लिहिलं. एकशे आठ, सत्तर.
आठ एवढ्यासाठी, की परत दहाच लिहिलं
तर खोटं वाटतं.

तो आठचा आकडा अजून
उशाशी येऊन बसतो.
रेघ मारली असती तर?
'वेळ मिळाला नाही' असं लिहिलं असतं तर?
पण चार्टावर तसला रकाना नसतो.

साडेतीनला बारा नंबर गेला.
शामराव मगदूम, मुरगूडचे. वय एकसष्ट.
"तसेही गेलेच असते," डॉक्टर जिन्यात म्हणाले.
समितीपुढं जिना नव्हता.
हॉस्पिटलनं ड्युटीचा तक्ता दाखल केला,
त्यात त्या रात्री आम्ही पाच जणी होतो.
तिघींची नावं मी पहिल्यांदाच वाचली.
समितीतल्या बाईंनी चष्मा काढून विचारलं,
"दोन वाजता तुम्ही खाटेजवळ होता?"
"नव्हतो," म्हणालो.
वकिलांनी डोळे मिटून घेतले,
उत्तरामुळं की 'लो'मुळं, कळलं नाही.

सहा महिने नोंदणी स्थगित.
पत्र स्पीड पोस्टनं आलं.
पोचपावतीवर सही केली, वेळ टाकली
अकरा वीस,
आधी भिंतीवरचं घड्याळ बघून.

सहा महिन्यांचे पुढं अकरा झाले.
नोंदणी परत मिळाली, नोकरी नाही.
अर्जात एक ओळ असते :
आपणावर कधी शिस्तभंगाची कारवाई झाली आहे काय?
होय. तपशील.
तपशिलाला दीड बोट जागा.
राजारामपुरीतल्या नव्या हॉस्पिटलात
मेट्रन म्हणून सुरेखा बोरगावे बसलीय,
तिला मीच शिकवलं होतं चादरीचा कोपरा दुमडायला.
तिनं चहा मागवला, बशीत बिस्किटं दिली,
आणि अर्ज
दुसऱ्या अर्जांच्या खाली सरकवला,
हळूच, पेशंटच्या अंगावर पांघरूण घालतात तसा.

आता मार्केट यार्डात, भावजींच्या अडतीवर.
गुळाचे रवे काट्यावर चढतात, मी लिहितो.
हात चिकट, वहीची पानं चिकट,
पेनावर मुंग्या.
हमाल मला सिस्टर म्हणतात. कुणी सांगितलं देव जाणे.
जेवायच्या सुट्टीत एकदा इलाही पुढं दंड करून बसला,
"बघा की जरा, गरगरतंय."
मशीन घरी कपाटात आहे.
मनगट धरलो, घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजलो,
"डॉक्टरला दाखव" म्हणालो,
आकडा सांगितला नाही.

काल मुरगूडची गाडी लागली.
पट्टीवर नाव मगदूम.
मुरगुडात मगदूम पन्नास घरं असतील.
पोरगा तिशीतला, कपाळ रुंद,
बारा नंबरचं कपाळ कसं होतं
ते मला आठवेना.
"तीस," इलाही ओरडला.
परत ठेव, म्हणालो.
"आत्ताच ठेवला की, सिस्टर!"
ठेव.
मागं गाड्या खोळंबल्या, कुणीतरी शिवी घातली.
पोरगा माझ्याकडं बघत राहिला.
काटा थरथरला, थांबला.
मी वाकलो, अगदी जवळ जाऊन वाचलो.
एकोणतीस किलो, आठशे.