चहाचे दोन हात

चिस्तोपोलला नोव्हेंबरात दुपारीच दिवे लागतात.
कामा नदी अजून कडेकडेनंच गोठलेली,
मधे काळं पाणी, त्यावर वाफ.
मी लोकांचे बॉयलर दुरुस्त करून घरी येतो,
हात दोनदा धुतो,
नखांतली काजळी जुन्या ब्रशनं काढतो
आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर
हिरव्या बनातीचा तुकडा अंथरतो.

रैसा म्हणते, मांडला बाजार.

बाजार तो केवढा?
एक पोलादी केस, कझानहून आणलेली.
सतरा माणकांचं यंत्र, भूगोलाच्या कुण्या मास्तरांच्या घड्याळातलं;
ते गेल्यावर त्यांच्या मुलानं
डबाभर घड्याळं वजनावर विकली,
बटाटे विकावेत तशी.
तबकडी नवीन. काटे नवीन,
अंधारात हिरवे उजळणारे रेडियमचे.
(त्यात आता रेडियम नसतं. शब्द तेवढा उरलाय.)

नवे काटे जुन्या घड्याळात
बत्तिशी बसवल्यासारखे दिसतात.
म्हणून काळा चहा उकळून उकळून दाट करायचा,
आणि एका केसाच्या कुंचल्यानं
काट्यांना त्याचे दोन हात द्यायचे.
एक आज. वाळला की एक उद्या.
मग ते पिवळे पडतात, ठेवणीतल्या पत्रांसारखे.

रैसा म्हणते, आपण इथे फुकटात म्हातारे होतोय
आणि तू पैसे मोजून एकाला म्हातारं करतोयस.

बुधवारी सेकंदकाटा उडाला.
चिमट्यातून टिक्,
की गेलाच.
विजेरी जमिनीलगत आडवी धरून
मी गुडघ्यांवर रांगलो.
सापडला एक वाळका वाटाणा,
लेकीच्या लहानपणचा निळा मणी,
आणि फरशीची एक फट, जी मला बुजवायची होती
तीन वर्षांपूर्वी.
काटा शुक्रवारी मिळाला.
रैसाच्या लोकरी मोज्यात रुतला होता.
तिनं तो काढून बशीत ठेवला
आणि एक अक्षर बोलली नाही,
हे जास्त झोंबलं.

शेवटी केस किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर
पिशवीत घालून हलवली. बेताचे ओरखडे पडले,
कुणीतरी वापरल्यासारखे.

तिसऱ्या मजल्यावर मिन्सिलू आपा राहतात.
घड्याळांच्या कारखान्यात एकतीस वर्षं
त्यांनी केसाएवढ्या स्प्रिंगा बसवल्या.
आता त्यांना खिडकी कळते, माणूस कळत नाही.
घड्याळ हातात दिलं, ते त्यांनी कानाला लावलं,
डोळे मिटून, सवयीनं.
"पुढे पळतंय. दिवसाला अर्धा मिनिट."
मी मोजले होते बत्तीस सेकंद.

मग अंगठा केसवरून फिरला.
फिरता फिरता थांबला.
"पडलं होतं?"
"नाही आपा. ओरखडे मीच पाडले.
जुनं वाटावं म्हणून."

चहाची किटली वाजेपर्यंत त्या गप्प होत्या.
"एक ओरखडा दिसला," त्या म्हणाल्या,
"की अख्खा ट्रे परत यायचा आमच्याकडे.
पोरी रडायच्या.
एकदा मीही."

मला वाटलं, माफी मागावी.
कुणाची, ते कळेना.
म्हटलं, "घासून काढू का?"
"आता कशाला. पडलेत ते पडलेत."
त्यांनी किल्ली दोन बोटांत धरली
आणि पुटपुटत मोजायला लागल्या,
बेर, इके, ओच,
स्प्रिंग ताठ व्हायच्या एक वेढा आधी
बरोब्बर थांबल्या.
वेळ लावली नाही.
"चालू दे आधी. किती वाजले
ते मागाहून बघ."

जिन्यातला दिवा गेलेला.
कठडा चाचपत उतरताना
मनगटाकडे लक्ष गेलं.
चहाच्या दोन हातांखालूनही काटे
हिरवेगार, पोरसवदा,
पावणेदोन दाखवत होते
संध्याकाळी सहाच्या सुमारास.

दारापाशी पोचलो तरी
मी ते दुरुस्त केलं नव्हतं.