ओल्या फडक्यात

लक्ष्मीपुरीत, धान्य ओळीच्या टोकाला
राजमती मगदूम यांचं चटण्यांचं दुकान.
जवस, कारळं, तीळ, शेंगदाणा,
आणि फळीच्या कडेला, जिच्यासाठी मी आले होते ती
भांगबियांची चटणी. शंभर ग्रॅम, लसूण घालून.

"हेम्प म्हणा ओ मॅडम," त्या म्हणाल्या,
"भांग म्हटलं की गिऱ्हाईक आधी हसतंय,
मग हळूच इचारतंय, चढती का?"

चढत नाही. मी त्यांना सांगितलं, पंचालाही सांगितलं.
पंच म्हणून उभा केलेला शेजारचा गूळवाला
तरी बरणी हुंगत राहिला.
बियांना किलोमागे पाच मिलिग्रॅम माफ, मी म्हटलं.
म्हणजे केवढं?
तुमच्या किलोभर गुळाला चिकटलेली एक मुंगी.
"बिनमुंगीचा गूळ दावा की मग,"
असं म्हणून त्यानं सही केली.

लेबलवर पान होतं. सात बोटांचं, हिरवं, देखणं,
पुतण्यानं संगणकावर काढलेलं.
बियांचं चित्र चालतं, पान चालत नाही.
"एकाच झाडाचं की वो दोन्ही."
हो. कायदा त्या झाडाच्या मधून जातो,
बोंडापाशी येऊन वळतो.

चार भाग केले. दोरा, चिठ्ठी, लाख.
लाखेच्या धुरात लसणाचा वास दबला.
नमुन्याचे पैसे मोजून दिले
तेव्हा राजमती पहिल्यांदा हसल्या:
"धाड घालून वर पैसं देतायसा?"

मागे कच्च्या बियांचं पोतं होतं, डोंगरातून आलेलं.
त्याचाही नमुना घेतला.
खाण्यासाठी विकायचं बी उगवता कामा नये,
हाही एक नियम. कुणी लिहिला असेल, कुठल्या टेबलावर,
बाहेर पाऊस होता की नव्हता, कोण जाणे.
चार दाणे माझ्या पिशवीच्या शिवणीत अडकून घरी आले.
त्यांच्यासाठी कुठल्याच फॉर्मात रकाना नाही.

घरी रविवारच्या मिसळीची मटकी भिजलेली.
फडक्यात बांधताना
त्याच फडक्याच्या कोपऱ्याला मी ते चार दाणेही बांधले.
हिनं उगवावं. ह्यांनी उगवू नये.
पाणी दोघांना सारखंच शिंपडलं.

शनिवारी राजमतींचा फोन:
"पान काढलं ओ. आता बियाच छापल्यात.
पुतण्या म्हणतोय, उवा दिसत्यात."
पोत्याचं काय, त्यांनी विचारलं.
पुण्याचा अहवाल चौदा दिवसांत येईल, मी सांगितलं,
तोवर हात लावू नका.
फडकं माझ्यासमोर ओट्यावर होतं. मी ते सोडलं नाही.

रविवारी सोडलं.
मटकीला नखाएवढे मोड, एकमेकांत गुंतलेले.
तीन दाणे काळपट, गप्प, नियमाला धरून.
चौथ्यानं एक पांढरं टोक बाहेर काढलेलं,
वर्गात मागच्या बाकावरून कुणी हात वर करावा तसं.

पुण्याला चौदा दिवस लागणार होते.
माझा अहवाल तिसऱ्या दिवशी तळहातावर होता,
बिनसहीचा, बिनलाखेचा,
कुणालाच दाखवता न येणारा.
कुंडीत खोचला तर गुन्हा.
कचऱ्यात टाकला तर, आमच्या गल्लीचा कचरा
सरळ पंचगंगेच्या काठाला जातो, आणि तिथली माती
कशालाच नाही म्हणत नाही.

गॅसवर कट उकळत होता, पाव यायचे होते.
मी दुसऱ्या शेगडीवर तवा ठेवला
आणि चारही दाणे टाकले.
तीन लगेच तडतडले.
चौथ्याला वेळ लागला.