सव्वीसशे फेऱ्यांवर

आवाज सव्वीसशेला यायचा.
पंचवीसशेला नाही, तीन हजाराला नाही.
तोही इंजिन तापल्यावर, चढाला, तिसऱ्या गिअरमध्ये,
म्हणजे अख्ख्या पुंता अरेनासमध्ये एकाच रस्त्यावर:
दफनभूमीच्या भिंतीपासून मावशीच्या बेकरीपर्यंत.

मी लोकांना तोंडाने करून दाखवला.
खळ्ळ नाही, टर्र नाही.
तिर्र तिर्र तिर्र, आणि मग एक कट्.
टायरवाल्या इव्होने निदान केलं: वॉल्व्ह.
त्याच्या भावाने: टर्बो गेला, विकून टाक.
आईने: तरी मी सांगत होते, दानित्सा.

गाडी जुनी निस्सान, एके काळची शेअर टॅक्सी.
टपावरच्या पाटीची बुजवलेली भोकं
ऊन तिरकं पडलं की अजून दिसतात.
इंजिन तिचं नाही. ते आलं वाळवंटातून,
कालामाच्या एका ठोकलेल्या गाडीतलं,
आधी ट्रकने, मग बोटीने, रजईत गुंडाळून.
टर्बो तिसरीचा. रेडिएटर चौथीचा.
नवरा गेला (मेला नाही, गेला)
त्या हिवाळ्यात मी हे सगळं एका जागी बसवलं.
दुपारी साडेतीनला अंधार पडायचा,
दुसरं करायचं तरी काय.

शेवटी एलेउतेरिओ बार्रियाकडे नेली.
चिलोए बेटावरचा म्हातारा,
डावा कान बोटीच्या डिझेलने खाल्लेला.
म्हणाला, एक कान बरा. दोन असले की वाद घालतात.

लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं,
मूठ कानामागच्या हाडाला,
आणि तोंड उघडं ठेवून उभा राहिला, माशासारखा.
इंजेक्टर: टिकटिक, ती त्यांची बोलीच.
साखळी: घट्ट.
वॉल्व्ह: सोळाच्या सोळा शहाणे.
खाली बेअरिंगपाशी मात्र बराच वेळ थांबला.
मी मनात जवळचे पैसे मोजले.
मोजून लवकर झाले.
"नाही," तो म्हणाला.

पण गॅरेजात आवाज येतच नव्हता.
मग त्याने बागेचा रबरी पाइप घेतला,
एक टोक इंजिनात, कपड्याच्या चिमट्याने पकडून,
दुसरं खिडकीतून आत, त्याच्या चांगल्या कानात.
"चल चढावर."

त्या दिवशी वारा असा, की चौकात पालिकेने
माणसांना धरायला दोर बांधले होते.
आम्ही चढ चढलो, उतरलो.
चिमटा वीतभर सरकवला. चढलो, उतरलो.
दोराला लटकलेली एक बाई दर खेपेला बघायची,
पाइप कानात घातलेला म्हातारा,
दात ओठ खात काट्याकडे बघणारी मी.
मावशी पाचव्यांदा दारात आली आणि ओरडली,
पाव पाहिजे की नाही ते एकदाच सांगा!

सातव्या खेपेला तो हसायला लागला.

अल्टरनेटरच्या मागे, खाली, हात जेमतेम जाईल तिथे,
एक लोखंडी ब्रॅकेट. दोन बोल्टांची जागा, बोल्ट एकच.
कालामात त्यावर एसीचा कॉम्प्रेसर होता.
कॉम्प्रेसर मी कधीच काढून फेकला होता,
इथे मॅगेलनच्या सामुद्रधुनीवर
गारवा विकत कोण घेणार?
धरणारं तेवढं राहून गेलं,
काही न धरता,
आणि बरोब्बर सव्वीसशेला थरथरायचं.

बारा नंबरचा पाना, चार आटे.
माझ्या तळव्यावर ठेवलं. चटका बसला,
तरी मी टाकलं नाही.

पैसे घेतले नाहीत. दोन पाव घेतले,
एक तिथेच उभ्याने खाल्ला.

ब्रॅकेट मावशीने मागून घेतलं,
वाऱ्याने बेकरीचं दार आपटतं, त्याला अडसर म्हणून.
काल फोन आला तिचा.
अगं, वारा सुटला की दाराशी कसलासा आवाज येतो.
कसला, मी विचारलं.
थांब, म्हणाली, आणि तोंडाने करून दाखवला.