वाळुंजकरीण

नवीन अक्षराला साठ रुपये, मी फादरना सांगितलं,
जुनं उजळायचं तर चाळीस.
भुसावळच्या गोऱ्या कबरस्तानात मी आधीही बसलोय:
ड्रायव्हर, गार्ड, पटकीनं गेलेली त्यांची लेकरं,
सगळी सरळ नावं.
हे दहा अक्षरांचं. त्यातलं पाचवं
दातासारखं पडलेलं.
रजिस्टरात कारकुनानं लिहिलंय: मिस विजाबिका,
वय एकोणीस, ताप, गाडीतून उतरवली, मे त्रेचाळीस.
गाडी कुठून कुठं चालली होती
त्याला रकानाच नाही.

व्येझ्‌बित्स्का, फादर मिनेझिस म्हणतात.
पुन्हा म्हण, शालिक. व्येझ्‌.
व्येझ्‌. माझी जीभ कपचीवर घसरलेल्या टाकीसारखी.
पोलंडातलं नाव. मुळात एक झाड, पाण्याकाठचं,
त्या झाडावरनं गाव,
त्या गावचा तो स्की, बाई असली की स्का.
एवढंच?
मग पाटलाची पाटलीण काय वेगळी,
निंभोऱ्याला निंब होता, पळसखेड्याला पळस,
आता नसेना का.
आणि फाट्यावर कुणी भेटलं की आपला पहिला सवाल,
कोन गावचे रे भो?
या लोकांनी उत्तर आधीच
नावाला बांधून घेतलेलं.

झाडाचा फोटो फादरच्या मोबाइलवर होता.
घरी आईला दाखवला. ती म्हणाली, वाळुंज आहे ते.
वाघूरच्या काठाला होती की.
तुझा मामा फोक आणून हारे विणायचा.

पत्र ब्राझीलहून आलंय, कुरितिबा नावाच्या शहरातनं.
लिहिणारी हिच्या भावाची नात,
पण ती वेर्बित्स्की.
मधल्या कुण्या रशियन साहेबाला झ झेपला नाही.
सोबत नकाशा: हे नाव आज जिथं जिथं राहतं
तिथं लाल ठिपके.
पोलंडात गोवर उठल्यासारखे.
शिकागोत दाट.
फ्रान्सच्या कोळशाच्या खाणींकडे एक लांबट पट्टा,
लिथुआनियात शेपूट बदललेलं,
कझाकस्तानात चार-दोन
(तिथं कुणी खुशीनं गेलं नव्हतं, फादर म्हणाले,
आणि पुढं बोलले नाहीत).
खाली तक्ता. भारत, शून्य.
फक्त हयात माणसं धरली आहेत, अशी टीप.

आमचं नाव गावाचं नाही, धंद्याचं. पाथरवट.
चुलता गिरणीच्या नादानं उधन्याला गेला,
त्याची पोरं तिकडे पथरावत झाली.
धुळ्याचा भाचा सरळ पाटील लिहितो,
सोयरीक जमवायला बरं पडतं.
माझा मुलगा दीपनगरला राखेचे ट्रक मोजतो,
नाव तेच, हातात टाकी नाही.
आमचा नकाशा कुणी काढला
तर त्याच्यातही टीप लागेल.

पाचवं अक्षर मी शेवटी घेतलं.
एक आडवी, एक तिरपी, पुन्हा आडवी.
सोपं आहे कोरायला, म्हणायलाच कठीण.
सत्तेचाळीस डिग्रीत दगड असा तापलेला
की खाली गोणपाट, वर गोणपाट,
आणि पलीकडे केळीच्या वॅगनी
एकेक करून दिल्लीच्या दिशेला.

संध्याकाळी फादरना म्हटलं, त्या बाईला लिहा,
तक्ता दुरुस्त करा. भारत, एक.
अरे, मेलेली माणसं मोजत नाहीत त्यात.
मी म्हटलं, ऐंशी वर्षं एकाच पत्त्यावर राहिलेलं
त्या अख्ख्या नकाशात दुसरं कोण आहे, दाखवा.
ते दगडावरून हात फिरवत राहिले,
मग चटका बसला म्हणून काढला.

हिशेब चारशे वीस झाला.
दोघंही हसलो, मी वीस सोडले.
बिलावर नाव काय टाकू, विचारलं,
आणि ते दहा अक्षरं सांगायला तोंड उघडतात
तोवर मी लिहून मोकळा:
कुमारी वाळुंजकर.
त्यांनी चष्मा कपाळावर नेला, कागद लांब धरला,
सही केली.